लाल रेषेच्या आत

३ मार्च, मंगळवार. सकाळी ६ वाजून ४० मिनिटं.
शेडमध्ये बाबांच्या गाडीत बसून डॅशबोर्डवर टिचक्या मारत होतो. इंजिन चालू, टॅकोमीटरचा काटा शून्यावर मेलेला. एकूण बावीस टिचक्या मारल्या. एकविसाव्या टिचकीला काटा उडून आठ हजारावर गेला आणि परत शून्यावर पडला. बाविसाव्या टिचकीला काही झालं नाही. निदान: टॅकोमीटर आतून बिघडला आहे. उघडावा लागेल.

ही रोजनिशी आजपासून. कोणी वाचावी म्हणून नाही, कामाची नोंद असावी म्हणून.

मुद्दा असा. गाडी विकायची ठरली आहे. आठ सिलिंडर, दोन दारं, बॉनेट जेवणाच्या टेबलाएवढं. बाबा गॅरेजमध्ये कामाला होते तेव्हा मालकाने थकलेल्या पगाराऐवजी हिचा सांगाडा त्यांच्या गळ्यात मारला होता. एकोणीस वर्षं खपून त्यांनी ती उभी केली. आठ महिन्यांपूर्वी त्यांना झटका आला. उजवी बाजू गेली आणि बोलणं गेलं. बोलायला शिकवणाऱ्या बाई मंगळवार, गुरुवार, शनिवार येतात. बाई चांगल्या आहेत, पण त्यांची फी थकली आहे. त्या म्हणाल्या, गाडी विकेपर्यंत मी विश्वासावर येते, त्यापुढे मलाही माझं घर आहे.

काल गिऱ्हाईक येऊन गेलं. पायात पांढरेशुभ्र बूट. साडेसहा लाख म्हणाले, पन्नास हजार ॲडव्हान्स तिथल्या तिथे मोजून दिला. मग टॅकोमीटर बंद दिसला तेव्हा म्हणाले, याचे वीस हजार कापतो. आई म्हणाली, कापा. ताई म्हणाली, कापा आणि आजच घेऊन जा. मी मध्ये पडलो. म्हणालो, एकोणतीस तारखेपर्यंत मुदत द्या, मीटर चालू करून देतो. पांढरे बूटवाले हसून म्हणाले, वा, घरात इंजिनिअरसाहेब आहेत म्हणायचे.

मी इंजिनिअरिंगच्या कोर्सचं पहिलं वर्ष अर्ध्यात सोडलं आहे. पण त्यांना ते दिसलं नाही, याचा अर्थ घ्यायचा तो घ्यावा.

५ मार्च, गुरुवार.
बाईंनी बाबांसाठी चित्रांचा तक्ता आणला आहे. चौतीस चित्रं. पाणी, जेवण, संडास, दुखतंय, हवं, नको, डोळा, कान, हात वगैरे. बाबांनी डाव्या हाताने बोट ठेवायचं. उपयुक्त वस्तू. त्यात शुद्धलेखनाच्या दोन चुका होत्या, त्या मी पेनाने दुरुस्त केल्या. बाईंनी बघितलं.

बाबांनी आज बोट ठेवलं ते: पाणी, पाणी, नको, पाणी.

८ मार्च, रविवार. दुपार.
मीटर दुरुस्त करणाऱ्या काकांकडे जाऊन आलो. हे बाबांचे जुने स्नेही. दुकान म्हणजे जिन्याखालची जागा, टेबलावर उघडी पडलेली स्पीडोमीटरं, आणि स्वतःचा चष्मा दोऱ्याने बांधलेला. मी सगळी लक्षणं क्रमाने सांगितली, टिचक्यांच्या संख्येसह. काका म्हणाले, अरे, मीटर उघडू नकोस. त्याच्या मागे अर्थिंगचा एक स्क्रू असतो. तो काढ, सँडपेपरने घास, घट्ट पीळ. दहातले नऊ मीटर त्या स्क्रूपाशीच मरतात.

हा सल्ला सर्वसाधारण गिऱ्हाइकासाठी ठीक आहे. मी वजनकाट्यांच्या दुकानात सहा वर्षं काम करतो. दुरुस्त झालेला प्रत्येक काटा माझ्या हातून बाहेर पडतो आणि त्याच्यावर 'तपासले, बरोबर' हे स्टिकर मीच लावतो. (तपासणारे दुसरे आहेत. पण स्टिकर मी लावतो.) काट्यातलं मला थोडंफार कळतं.

तरीही शिष्टाचार म्हणून विचारलं की उघडलाच तर पुढे काय. काकांनी सुस्कारा सोडला आणि सांगितलं. जुना कपॅसिटर बदलायचा. मग घरच्या विजेवर काटा लावायचा, कारण घरची वीज सेकंदाला पन्नास हेलकावे घेते आणि तेवढ्याने आठ सिलिंडरच्या मीटरवर बरोबर साडेसातशे दिसायला हवेत. जुन्या चार्जरचा ट्रान्सफॉर्मर घे म्हणाले, आणि एकच डायोड लाव. एकच, हं.

सगळं लिहून घेतलं.

१० मार्च, मंगळवार.
टॅकोमीटर बाहेर काढला. मागचा स्क्रू गंजलेला होता. फेकून दिला. तसल्या स्क्रूकडे लक्ष देणं म्हणजे वेळ घालवणं.

काच काढताना काच फुटली. जुनी होती.

१३ मार्च, शुक्रवार.
काटा त्याच्या दांडीवरून उपसला. दुकानातला चिमटा आणला होता (शेठना विचारलं नाही, सोमवारी परत ठेवतो). आतली केसासारखी स्प्रिंग जराशी वाकली. सरळ केली. उलट बाजूला वाकली. पुन्हा सरळ केली. आता पूर्वीपेक्षा जास्त सरळ आहे.

आईने दारातून विचारलं, किती राहिलं रे? मी म्हणालो, सत्तर टक्के झालं. ती म्हणाली, बाळा, वीस हजार गेले तरी चालतील, मला झोप लागत नाही. मी तिला समजावलं की वीस हजार म्हणजे बाईंच्या तेहतीस भेटी, वर दोनशे उरतात. ती म्हणाली, आणि उरलेल्या सहा लाख तीस हजारात किती भेटी? मी भागाकार करेपर्यंत ती आत गेली होती. एक हजार पन्नास.

१७ मार्च, मंगळवार. सायंकाळी ५.१५.
आज यश.

ट्रान्सफॉर्मरसाठी जुना चार्जर उघडला तर आत चार डायोड निघाले. काकांकडे बहुधा एकच शिल्लक असायचा, म्हणून त्यांना एकाची सवय. चार असताना एक लावणं म्हणजे काटकसर, अचूकपणा नव्हे. चारही लावले. चार्जरमध्ये जसे जोडलेले होते तसेच ठेवले. काटा थरथरला आणि चालू झाला. पंधराशे दाखवत होता. बघा, किती बिघडला होता! आतली चावी फिरवत फिरवत बरोबर साडेसातशेवर आणला. दहा वेळा वीज बंद-चालू केली. दहाही वेळा साडेसातशे.

दुकानातलं एक स्टिकर नव्या काचेच्या कोपऱ्यात लावलं. तपासले, बरोबर.

बाबांना चाकाच्या खुर्चीतून शेडमध्ये आणून दाखवलं. त्यांनी मीटरकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं. तक्ता समोर धरला. त्यांनी बोट ठेवलं, पाणी.

१९ मार्च, गुरुवार.
मीटर गाडीत बसवला. नवा पितळी स्क्रू, नवा वॉशर. इंजिन चालू केलं. काटा उठला! नऊ दिवसांत जे कोणाला जमलं नसतं ते झालं.

फक्त एक गोष्ट. काटा पावणेचारशेवर उभा राहिला. गाडी उभी असताना साडेसातशे हवेत. थोडा विचार केल्यावर लक्षात आलं. मीटर बरोबर आहे, तपासलेला आहे. म्हणजे इंजिनच निम्म्या चालीवर चालतंय. आणि ते कोणी लावलं होतं? बाबांनी. कानाने.

बाबांनी टॅकोमीटरकडे कधी बघितलंच नाही. लांब स्क्रूड्रायव्हरचं टोक इंजिनाला टेकवायचं, मूठ कानाशी धरायची, डोळे मिटायचे आणि दुसऱ्या हाताने कार्बोरेटरचा स्क्रू फिरवायचा. मला म्हणायचे, काटा बघून इंजिन लावणारा माणूस ताट बघून ठरवतो की भूक लागली आहे का. एकदा गॅरेजमध्ये सगळ्यांसमोर म्हणाले, या पोराला डोळे चार आहेत, कान एकही नाही. सगळे हसले होते. तेव्हा मी पंधरा वर्षांचा होतो.

एकोणीस वर्षं त्यांचा कान चुकत होता. मला आनंद झालेला नाही. फक्त नोंद करतो आहे.

२० मार्च, शुक्रवार. सकाळी ७.
कार्बोरेटरचा स्क्रू आवळत नेला. काटा चढत चढत साडेसातशेवर आला. आता इंजिनाला जरा जोर आला आहे. आवाज भरदार.

ताई ब्रश तोंडात घेऊन बाहेर आली आणि ओरडली की इन्स्पेक्टर, विमान उडवतोयस का? स्वयंपाकघरातल्या फळीवरची भांडी सरकतायत. ती मला लहानपणापासून इन्स्पेक्टर म्हणते. मी तिला काटा दाखवला. ती म्हणाली, काटा मला कळत नाही, पण हा आवाज पूर्वी असा नव्हता. मी म्हणालो, पूर्वी चूक होती.

खुर्चीतून बाबांनी तक्त्यावर बोट ठेवलं. कान. मग नको. मग पुन्हा कान. तीन वेळा.

कान दुखत असणार. इतके दिवस कोणाच्या लक्षात कसं आलं नाही?

२२ मार्च, रविवार.
टॉर्च लावून बाबांचे दोन्ही कान तपासले. मळ नाही. म्हणजे त्रास आतला आहे. औषधांच्या दुकानातून थेंब आणले. सकाळी तीन, संध्याकाळी तीन. वर कापूस.

निरीक्षण: इंजिन बंद असलं की त्यांचा कान दुखत नाही. चालू केलं की लगेच कानावर बोट. म्हणजे आवाज सहन होत नाही. कापूस जास्त घालावा.

२४ मार्च, मंगळवार.
बाई आल्या तेव्हा मी इंजिन चालू ठेवलं होतं (रोज वीस मिनिटं चालवतो, सराव म्हणून). बाई मोठ्याने म्हणाल्या की अहो, हा कापूस कशाला? मी कानदुखीचं सांगितलं. त्या म्हणाल्या, दुखतंय हे चित्र तक्त्यावर वेगळं आहे. त्यावर त्यांनी एकदा तरी बोट ठेवलं का? मी नोंदी बघितल्या. एकदाही नाही. बाई म्हणाल्या, त्यांना कानाबद्दल तुम्हाला काहीतरी सांगायचं आहे, विचारून तर बघा.

विचारलं. बाबा, कान दुखतो का? त्यांनी 'नको'वर बोट ठेवलं, मग शेडकडे हात केला. झटका आलेले लोक हो म्हणायचं तिथे नाही म्हणतात, असं मी वाचलं आहे. थेंब सकाळी चार, संध्याकाळी चार केले.

२७ मार्च, शुक्रवार.
पेट्रोल फार लागतंय. पंपावरच्या मापात गोलमाल असावा, त्यांचा काटा कोण तपासतो देव जाणे. पुन्हा ताईकडून पैसे घेतले. एकूण तीन हजार झाले. देताना ती म्हणाली, हे घे आणि रविवारपर्यंत त्या डबड्याला हातसुद्धा लावू नकोस, तुझ्या पाया पडते.

इंजिनाचं तापमान दाखवणारा काटाही आता नेहमीपेक्षा वर जातो. तोही बिघडलेला दिसतो. विक्री झाल्यावर पांढऱ्या बूटवाल्यांना सांगून तोही करून देईन. अशी कामं पुढे मिळत राहिली तर वजनकाट्यांचं दुकान सोडायला हरकत नाही. बोर्डाचा मजकूर मनात तयार आहे. शुद्धलेखन तपासून ठेवलं आहे.

२८ मार्च, शनिवार.
उद्यासाठी निश्चय. कमी बोलायचं. मीटर स्वतः बोलेल. लाल रेषा साडेपाच हजारावर आहे, पण मी चार हजारापुढे जाणार नाही. सावधपणा अंगात असावा लागतो.

बाबांची दाढी केली. उद्या त्यांना दारातच बसवायचं, समोर. काटा चढताना त्यांनी बघायला हवा. कदाचित ते काहीतरी बोलतीलसुद्धा. बाई म्हणतात पहिला शब्द कधीही येऊ शकतो.

२९ मार्च, रविवार. सकाळी ११.
(हे दुपारी लिहितो आहे.)

पांढरे बूटवाले वेळेवर आले. पैसे पिशवीत होते. पिशवी आईच्या समोर खुर्चीवर ठेवली. ताई आईच्या मागे उभी. बाबा शेडच्या दारात, कानात कापूस, मांडीवर तक्ता.

इंजिन चालू केलं. काटा साडेसातशेवर. पांढऱ्या बूटवाल्यांनी कपाळाला आठी घातली. म्हणाले, तापलंय का? एवढं का धावतंय? मी म्हणालो, साहेब, मीटर बघा. ते वाकून बघायला आले, स्टिकर वाचलं आणि म्हणाले, हे कोणी लावलं? मी म्हणालो, मीच.

मग पाय दाबला. हजार. दीड हजार. दोन हजार. शेडचा पत्रा वाजू लागला. पांढरे बूटवाले म्हणाले, बस, बस, कळलं मला. अडीच हजार. मी ओरडून सांगितलं की अजून निम्माच आलो आहे, लाल रेषा लांब आहे. त्यांनी दोन्ही हात हलवले. आई कान झाकून काहीतरी म्हणत होती. बाबांनी कानातला कापूस उपसला, फेकला आणि तक्ता खुर्चीच्या हातावर जोरजोरात आपटू लागले. आठ महिन्यांत मी त्यांच्यात एवढा जीव बघितला नव्हता. मला वाटलं, ताल धरला आहे. तीन हजार. मी त्यांना हात केला. तीन हजार दोनशे.

मग इंजिनात लोखंडी घण मारल्यासारखा आवाज झाला. एकदाच. खालून काहीतरी फरशीवर घरंगळत गेलं आणि सगळं थांबलं.

काटा शून्यावर आला. बरोबर शून्यावर.

इंजिनाच्या बाजूला माझी मूठ जाईल एवढं भोक पडलं आहे. तेल भिंतीपर्यंत उडालं. बूट आता पांढरे नाहीत. त्यांनी बुटांकडे बघितलं, पिशवी उचलली आणि आईला म्हणाले, वहिनी, रागावू नका, पण मी चालती गाडी घ्यायला आलो होतो. आई वाकून अंगणात पडलेला कापूस वेचत राहिली.

३० मार्च, सोमवार.
रात्रभर विचार केला. कारण धातूचा थकवा हे असावं. चाळीस-पन्नास वर्षांचं लोखंड. कोणाच्याही हातून झालं असतं. तीन हजार दोनशे म्हणजे काहीच नाही. लाल रेषेच्या कितीतरी आत होतो.

ताई माझ्याशी बोलत नाही. इन्स्पेक्टरसुद्धा म्हणत नाही.

१ एप्रिल, बुधवार.
पांढऱ्या बूटवाल्यांचा निरोप आला. ॲडव्हान्सचे पन्नास हजार परत द्या, नाहीतर त्या बदल्यात सांगाडा देऊन टाका, वर काही मागू नका. ते पन्नास हजार बाबांच्या पलंगात आणि औषधांत केव्हाच गेले. आईने हो म्हणून कळवलं. मला विचारलं नाही.

२ एप्रिल, गुरुवार. दुपारी ४.
मीटर काढून काकांकडे नेला. गाडी जाणार आहे, पण मीटर निर्दोष आहे हे कोणीतरी सांगावं असं वाटलं. काकांनी तो आपल्या यंत्राला लावला. बराच वेळ बघत राहिले. मग विचारलं, किती डायोड लावलेस? मी म्हणालो, चार.

काकांनी चष्मा काढला. म्हणाले, एक डायोड लावला की विजेचा हेलकावा एकदा मोजला जातो. चारच्या जोडणीत तोच हेलकावा दोनदा मोजला जातो. मीटरला सेकंदाला शंभर मिळाले आणि तू ते पन्नास समजलास. तुझा काटा निम्मं दाखवतो. तू तीन हजार दोनशे बघत होतास ना? इंजिन सहा हजार चारशेवर होतं.

मी विचारलं, पण मीटर आधी बंद होता त्याचं काय? ते म्हणाले, बसवताना नवा स्क्रू लावलास ना? तेवढंच करायचं होतं. आत काही बिघडलेलं नव्हतं.

मग म्हणाले, अरे, मीटर राहू दे. तुझ्या बापाने कानाने सांगितलं असतं. विचारलं नाहीस का त्याला?

मी म्हणालो, त्यांना बोलता येत नाही. एवढं बोलून उठलो. काकांनी नखाने स्टिकर सोडवलं आणि माझ्या शर्टाच्या खिशावर चिकटवलं. हसले नाहीत. पैसे घेतले नाहीत.

४ एप्रिल, शनिवार. सकाळी १०.
काल टोचन लावून गाडी नेली. शेडच्या फरशीवर तेलाचा डाग आहे. सोड्याने घासला, निघत नाही.

आज बाईंची शेवटची भेट. त्यांनी तक्ता आमच्याकडेच ठेवला. म्हणाल्या, सराव सोडू नका, रोज पंधरा मिनिटं, आणि त्यांच्या तोंडाकडे बघत बसू नका, वाट बघा. दारात चप्पल घालताना आतून बाबांचा आवाज आला. बाई एक पाय चपलेत तसाच ठेवून थांबल्या. बाबांनी तोंड वाकडं करून, पूर्ण जोर लावून पुन्हा म्हटलं. ऐक.

स्पष्ट. आईनेही ऐकलं. ती रडायला लागली. बाई म्हणाल्या, बघा, आला. आत्ता कुठे सुरुवात झाली आहे. आत्ताच तर नियमित यायला हवं होतं. मग घड्याळ बघून गेल्या.

मी बाबांसमोर गुडघ्यावर बसलो. म्हणालो, सांगा बाबा, ऐकतो आहे. त्यांनी माझ्याकडे बघितलं आणि मग शेडकडे. बराच वेळ आम्ही दोघं तिकडे ऐकत बसलो. तिथे काही नव्हतं.

हिशेब.
खर्च: कपॅसिटर, सोल्डर, वायर ६४०. नवी काच ३५०. पितळी स्क्रू व वॉशर १२. पेट्रोल ४,२६०. कानाचे थेंब, दोन बाटल्या, २२०. कापूस ४०. तक्ता दुरुस्त करण्यासाठी पेन १०. एकूण ५,५३२.
देणं: बाईंच्या वीस भेटी, ६०० प्रमाणे, १२,०००. ताई ३,०००. शेठकडून उचल २,०००. एकूण १७,०००.
येणं: काही नाही.
स्टिकर: एक वापरलं, परत मिळालं.

बेरीज दोनदा तपासली. बरोबर आहे.